मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असताना सिगारेट सोडायची कशी: सोलापूरच्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

मी मेडिकल दुकानात बसतो आणि आमच्या भिंतीला लागूनच पानटपरी आहे, त्यामुळं बरीच तरुण पोरं दोन्हीकडचं गिऱ्हाईक आहेत. आमच्याकडून ओलान्झापिनची, म्हणजे भास-संशयाच्या आजारावरच्या गोळीची, स्ट्रिप घ्यायची आणि बाजूला जाऊन दोन सुट्ट्या सिगारेटी. सोबत आई असली तर ती बघून न बघितल्यासारखं करते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "लै दिवसांनी जरा सुधरलालाय हो, आता सिगारेट सोड म्हणून कुठं मागं लागू, तेवढाच आधार आहे त्याला."

माझं मत सरळ उलटं आहे. सिगारेट सोडणं हा त्याच्या ट्रीटमेंटचाच भाग समजा, आणि ते गोळ्यांचा हिशोब लावून, डॉक्टरला सांगून करा. कारण सिगारेट बंद होते तेव्हा काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बदलतं, आणि ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नसते. सोडायची तर आहेच, फक्त आंधळेपणानं सोडायची नाही.

आधी "आधार" या गोष्टीचं बघू. झुरका मारला की निकोटिन दहा ते वीस सेकंदात मेंदूत पोचतं, तिथं डोपामिन सुटतं, बरं वाटतं. पण निकोटिन रक्तातून दर दोन तासाला साधारण निम्मं होत जातं, मग परत बेचैनी, चिडचिड, छातीत धडधड, आणि पुढची सिगारेट ही बेचैनी घालवते जी मागच्या सिगारेटीनंच आणलेली असते. ज्याला आधीच एन्झायटी किंवा डिप्रेशन आहे त्याला हे आजाराचंच वाटतं आणि सिगारेट औषध वाटते. २०१४ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र करून बघितलेलं आलं होतं, त्यात सिगारेट सोडलेल्यांची एन्झायटी, डिप्रेशन, स्ट्रेस ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेलं दिसलं, आणि मानसिक आजार असलेल्यांमध्येही तसंच. दुसरं म्हणजे गंभीर मानसिक आजार असलेली माणसं सरासरी दहा ते वीस वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातली बरीचशी हार्ट, फुप्फुस असल्या शरीराच्या आजारानं जातात. पोरगा बाविशीचा असताना हे कुणी बोलत नाही, पण बोलायला पाहिजे.

पहिलं काम: आठवडाभर नुसतं लिहून काढा

लगेच सोडायची नाही. एक छोटी वही किंवा मोबाईलमधलं नोट्स, त्यात प्रत्येक सिगारेटची वेळ, जागा, सोबत कोण, आणि तलफ किती होती ते एक ते पाचमध्ये. हे पोरानं स्वतः लिहायचं, घरच्यांनी पाळत ठेवून नाही, नाहीतर वहीत खोटं येतं.

दोन गोष्टी खास बघा. एक, सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात. अर्ध्या तासाच्या आत ओढत असेल तर निकोटिनची सवय चांगलीच घट्ट आहे असं धरा, पुढं निकोटिनच्या गमचा (सिगारेटऐवजी चावायच्या औषधाचा) डोस ठरवताना हेच लागतं. दोन, सिगारेट कशाला चिकटलेली आहे. आपल्याकडं बहुतेकांची चहाला चिकटलेली असते, कॉलेजच्या गेटसमोर, पार्क चौकात, एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर. काहींची रात्रीच्या झोप न येण्याला. काहींची नुसत्या रिकामपणाला, आजारामुळं कॉलेज सुटलेलं, काम नाही, दिवस मोठा.

आणि फक्त सिगारेट लिहू नका. विडी, मावा, मळलेली तंबाखू, गांजा, सगळं. महाराष्ट्रात तर ओढणाऱ्यांपेक्षा खाणारेच कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यात २४.४ टक्के मोठी माणसं बिनधुराची तंबाखू वापरणारी होती आणि ओढणारी ३.८ टक्के. सोलापुरात तर घरोघरी बायका विड्या वळतात, कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहतच आहे, त्यामुळं काही घरांत तंबाखूचा वास हा घराचाच वास असतो. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना नावं ठेवायची नाहीत, पण अशा घरातल्या पोराला सोडणं जास्त अवघड जातं हे धरून चाला. गांजा असेल तर तो लपवू नका, डॉक्टरला सांगाच, ज्याला भास होतात किंवा संशयाचा आजार आहे त्याला गांजा सिगारेटीपेक्षाही वाईट.

दुसरं काम, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं: गोळ्यांची नावं घेऊन डॉक्टरकडं जा

सिगारेटच्या, विडीच्या धुरातल्या डांबरात काही केमिकल असतात, ती लिव्हरमधल्या एका एन्झाइमला जोरात कामाला लावतात. त्या एन्झाइमचं नाव सीवायपी१ए२, नाव विसरलात तरी चालेल. हे एन्झाइम काही गोळ्या शरीराबाहेर काढतं, म्हणून ओढणाऱ्या माणसाच्या रक्तात त्या गोळ्या कमी राहतात आणि डॉक्टरनं डोस त्या हिशोबानं वर नेलेला असतो. आता सिगारेट अचानक बंद झाली की काही दिवसांत एन्झाइम थंड पडतं, गोळी तेवढीच पण रक्तात जास्त साचते.

यात मुख्य दोन नावं: क्लोझापिन आणि ओलान्झापिन. क्लोझापिनचं प्रमाण सिगारेट सोडल्यावर दीडपट किंवा त्याहून जास्त होऊ शकतं, आणि हे साधं प्रकरण नाही. खूप झोप, तोंडातून लाळ गळणं, चक्कर, पोट साफ न होणं, हातपाय झटकणं, जास्तच झालं तर फिट. क्लोझापिनवाल्याचं पोट दोन-तीन दिवस साफ झालं नाही तर ते घरगुती चूर्णावर ढकलू नका, डॉक्टरला दाखवा. फ्लुवोक्सामिन, ड्युलोक्सेटिन, हॅलोपेरिडॉल यांच्यावरही कमी-जास्त परिणाम होतो. रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल, क्वेटियापिन, व्हॅल्प्रोएट यांच्याबाबतीत सिगारेटमुळं फारसा फरक पडत नाही. लिथियमचं (मूड स्थिर ठेवणारी गोळी) वेगळं आहे, ते खाली चहाच्या भागात येईल.

हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणजे निकोटिनचा गम किंवा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) लावला तरी एन्झाइम थंड पडणारच, डोस बघावाच लागणार. सिगारेट सोडून तंबाखू खायला लागला तरी तेच. आणि अजून एक, दिवसाला सात ते बारा सिगारेटी एवढ्यातच हे एन्झाइम जवळजवळ पूर्ण जागं झालेलं असतं, त्यामुळं वीसवरून बारावर आला तर गोळीत फारसा बदल होत नाही, खरा बदल होतो तो शेवटच्या सात-आठ बंद होताना. "हळूहळू कमी केली, काहीच झालं नाही" म्हणून शेवटच्या टप्प्यात बेफिकीर राहू नका.

डॉक्टरसमोर नेमकं काय बोलायचं? चिठ्ठी, सगळ्या स्ट्रिपा आणि ती आठवड्याची वही घेऊन जा आणि सरळ विचारा, "रोज एवढ्या ओढतो, अमुक तारखेपासून बंद करणार आहे, डोस कमी करावा लागेल का, कधी, आणि परत कधी दाखवायला येऊ." डोस स्वतः कमी करायचा नाही, मेडिकलवाल्याच्या म्हणण्यावरून तर अजिबात नाही, मी मेडिकलवालाच असून सांगतो. डॉक्टर म्हणाले की आत्ता राहू दे, आधी आजार आटोक्यात येऊ दे, तर ठीक आहे, पण लगेच विचारा की मग कधी, आणि ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात दाखवत असाल तर मानसोपचारच्या ओपीडीतच हा विषय काढा, वेगळ्या दिवसाची वाट बघू नका. गर्दीत डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही.

तारीख कधीची धरायची

आजार एकदम वर आलेला असताना नको, गोळी नुकतीच बदललेली असताना नको, मॅनियात, म्हणजे मूड एकदम वर उडालेला असताना, तर मुळीच नको. साधारण तीन-चार आठवडे तब्येत स्थिर आहे, झोप बरी आहे, तर पुढच्या दोन आठवड्यातली एक तारीख धरा. सेमिस्टरच्या ऐन परीक्षेत धरू नका. पण "गड्ड्याची यात्रा झाली की", "लग्नसराई झाली की" असं करत बसलात तर वर्ष जातं.

एका झटक्यात सोडायची की कमी करत? ज्यांना आजार नाही त्यांना झटक्यात सोडणं बऱ्याचदा चांगलं जमतं. आजार असलेल्या पोरांना काही आठवड्यांत गम घेत घेत कमी करत शून्यावर आणलं तरी हरकत नाही, डॉक्टरलाही डोस बघायला वेळ मिळतो. फक्त शून्याची तारीख लिहिलेली पाहिजे, नाहीतर "कमी केलीय" हे वर्षानुवर्षं चालतं.

सोडायला मदत करणारी औषधं

इथं लोक फार चुका करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निकोटिन गम २ मिलिग्रॅमचा मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमचा डॉक्टरच्या चिठ्ठीनं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्याला बहुतेक वेळा ४ चा लागतो. निम्मी पोरं गम च्युइंगमसारखा चावत सुटतात, मग उचकी, मळमळ, घसा जळणं, आणि म्हणतात "हे काय कामाचं नाही". गम हळू चावायचा, झिणझिण्या किंवा तिखट चव आली की थांबायचं आणि गाल अन् हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा, चव गेली की परत दोन-चार वेळा चावायचा, परत दाबायचा, असं अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून जातं, गिळलं तर पोटात वाया जातं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, सरबत काही नाही, आंबट झालेल्या तोंडातून निकोटिन नीट जात नाही. सुरुवातीला दर एक-दोन तासाला एक, तलफ येण्याची वाट न बघता. दिवसाला २४ च्या वर नाही, आणि इतके कुणाला लागतही नाहीत.

पॅच सकाळी दंडावर किंवा पाठीवर, रोज जागा बदलून. दिवसाला दहाच्या वर ओढणाऱ्याला बहुधा २१ मिलिग्रॅमपासून सुरू करून पुढं १४, मग ७ असं उतरवतात. रात्री विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेवा, आधीच झोपेचा त्रास असलेल्याला हे माहीत नसलं तर तो घाबरतो. पॅच रोजचा आणि वरून तलफेला गम असं एकत्र वापरलं तर नुसत्या एकापेक्षा चांगलं काम करतं, पण हे डॉक्टरला विचारून.

वॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या चिठ्ठीवरच्या गोळ्या. वॅरेनिक्लिननं डोकं बिघडतं, आत्महत्येचे विचार येतात अशी भीती बरीच वर्षं होती. २०१६ ला लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात आठ हजारांवर माणसं होती, त्यातली निम्मी मानसिक आजार असलेली, आणि त्यात पॅच किंवा साध्या खोट्या गोळीपेक्षा या दोन्ही गोळ्यांनी असा त्रास लक्षणीय वाढलेला दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेनं त्या धोक्याच्या इशाऱ्याची मोठी काळी चौकट काढायला लावली. तरी गोळी सुरू केल्यावर मूडवर लक्ष ठेवायचंच. बुप्रोपिऑन मात्र फिट येणाऱ्याला चालत नाही, बायपोलरमध्ये (मूड कधी खूप वर, कधी खूप खाली जाण्याच्या आजारात) मूड वर उडण्याचा धोका असतो, क्लोझापिनसोबतही फिटचा धोका वाढतो. अठराच्या आतल्या पोराला वॅरेनिक्लिन देत नाहीत, आणि गम-पॅचही डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका.

ई-सिगारेट, व्हेप? २०१९ पासून देशात विक्रीवर बंदी आहे, चोरून मिळतंय त्यात काय भरलंय कुणास ठाऊक, त्या वाटेला जाऊच नका.

चहाचं गणित

कॅफिनही त्याच एन्झाइमनं बाहेर पडतं. सिगारेट बंद केली आणि चहा तेवढाच ठेवला तर रक्तात कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. मग हात थरथरणं, छाती धडधडणं, झोप उडणं, आणि घरचे म्हणतात "सिगारेट सोडली आणि पोरगं बिघडलं". बिघडला नाही, दिवसाला आठ कप कडक चहा चालूय त्याचा. सिगारेट सोडायच्या तारखेपासून चहा-कॉफी अंदाजे निम्मी करा, संध्याकाळी पाचनंतर बंद.

आता लिथियमवाल्यांसाठी. चहा-कॉफी एकदम कमी केली तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा घामानं पाणी-मीठ कमी झालं तरी वाढतं. म्हणून लिथियम चालू असेल तर चहा कमी करायचाय हे आधी डॉक्टरला सांगा, पाणी भरपूर प्या, आणि हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, चाल अडखळली तर लगेच दाखवा, रक्ताची तपासणी करतील.

घरच्यांनी काय करायचं, काय नाही

वडील गॅलरीत ओढणार आणि पोराला सोड म्हणणार, हे चालत नाही. सोबत सोडा, नाहीतर निदान घरात आणि त्याच्यासमोर नको. लायटर, काडेपेटी, ॲशट्रे तारखेच्या आदल्या दिवशी घराबाहेर. शर्टांना, अंथरुणाला वास असतो, धुऊन टाका (पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे माहितीय, तरी).

सिगारेट हे बक्षीस म्हणून वापरू नका. "गोळी घेतलीस तर एक देते" असं बऱ्याच घरांत चालतं, आयांना दुसरा उपाय सुचत नाही, मला कळतं ते. पण मग गोळी आणि सिगारेट डोक्यात एकत्र बांधली जातात आणि एक सुटली की दुसरीही सुटते. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, पाहुण्यांसमोर विषय काढणं बंद. संशयाचा आजार असलेल्या पोराबरोबर तर हे केलंच तर तो तुमच्या हातची गोळीही घेणार नाही.

रिकामा वेळ भरायला लागतो, नुसतं "मन रमव" सांगून होत नाही. सकाळी कंबर तलावाला किंवा सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला कुणीतरी सोबत चालायला जा, अर्धा तास पुरे. घरचं काही काम त्याच्या नावावर करा, दुकानातला हिशोब, भावाच्या पोराचा अभ्यास, काहीही जे त्याच्याशिवाय अडेल. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, लवंग, भाजलेल्या शेंगा. सुपारी नको, तिच्यातून परत माव्यावर जातो. भूक वाढते, सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, त्यात ओलान्झापिननंही वाढतं, म्हणून घरात फरसाण-बिस्किटांचे डबे भरून ठेवण्यापेक्षा कडक भाकरी, ताक, काकडी हाताशी ठेवा.

आणि पैसे. एक सिगारेट पंधरा रुपयांची धरली आणि रोज दहा, तर महिन्याला साडेचार हजार. ते पैसे घरखर्चात मुरवू नका, त्याच्याच हातात ठेवा, त्याला हवं ते घेऊ द्या.

पहिले तीन दिवस आणि पुढचे चार आठवडे

आता हे थेट तुझ्यासाठी, जो सोडणार आहेस. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात बेकार असतो. चिडशील, रडू येईल, लक्ष लागणार नाही, झोप तुटेल. दोन ते चार आठवड्यात हे उतरत जातं. एक तलफ पाच-दहा मिनिटांची असते, तेवढ्यात जागेवरून उठ, पाणी पी, गम लाव, कुणाला तरी फोन कर. मित्र म्हणणारच, "काय बे, एक ओढ की, काय होतंय", तर लांब भाषण द्यायची गरज नाही, "गोळ्या चालूयत, डॉक्टरनं बंद केलीय" एवढंच. आजाराचं कुणाला सांगायचं नसेल तर "खोकला आहे" म्हण, सगळं सगळ्यांना सांगायलाच पाहिजे असं काही नाही. पहिले काही दिवस टपरीवर थांबायचंच नाही, चहा दुसरीकडं. सुट्टी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, पण मिळते सगळीकडं, आणि सुट्टी मिळते म्हणूनच "एकच ओढतो" हे सोपं पडतं.

घरच्यांना एवढं ओळखता आलं पाहिजे की हा सिगारेट सोडल्याचा त्रास आहे की आजार वर येतोय. चिडचिड, भूक, बेचैनी, थोडी उदासी पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होते, गम घेतल्यावर कमी होते, आणि आठवड्यागणिक उतरत जाते. याउलट आवाज ऐकू येणं, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, तीन-चार तास झोपून पण एकदम उत्साहात असणं, पैसे उधळणं, दोन आठवड्यांनंतरही वाढत जाणारी उदासी, हे सिगारेटचं नाही, डॉक्टरला फोन करा. आणि मरणाचं बोलायला लागला तर सकाळपर्यंतही थांबू नका, एकटं सोडू नका, टेलीमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, चोवीस तास चालू आणि मराठीत बोलतात, अगदीच तातडी असेल तर ११२ किंवा सरळ सिव्हिल. नुसत्या सिगारेट-तंबाखूच्या मदतीसाठी सरकारची क्विटलाइन वेगळी आहे, १८००-११२-३५६, फोन फुकट.

परत ओढली तर

बहुतेकजण परत ओढतात. एखादी ओढली म्हणजे सगळं गेलं असं नाही, गम-पॅच बंद करू नका, कुठं, कुणासोबत, कशामुळं ओढली ते वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी परत चालू.

पण पूर्ण पहिल्यासारखी चालू झाली तर ते लपवू नका, कारण आता हिशोब उलटा फिरतो. डोस कमी केलेला आहे आणि धुरानं एन्झाइम परत जागं झालं, म्हणजे क्लोझापिन किंवा ओलान्झापिन रक्तात कमी पडणार आणि आजार डोकं वर काढणार. ॲडमिट झालेल्या पोरांचं हेच होतं. वॉर्डात तीन आठवडे सिगारेट नाही, तिथं कमी डोसवर सगळं छान बसतं, डिस्चार्ज होतो आणि गेटबाहेरच्या टपरीवर पहिली पेटते. महिन्या-दीड महिन्यात परत सगळं सुरू, आणि घरचे म्हणतात गोळी लागू पडत नाही. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी कागद हातात घेतानाच डॉक्टरला सांगून ठेवा की हा बाहेर दिवसाला किती ओढायचा, आणि परत ओढायला लागला तर कुणाला फोन करायचा ते त्याच कागदाच्या मागं लिहून घ्या.